गराजमधली इंग्लिश बिटर

आत्मकथन केस पांढरे झाल्यावर लिहावं, असं मला दोनतीन वडीलधाऱ्यांनी सांगितलं. तोवर थांबायची माझी तयारी नाही. थांबणं हा आमच्या घराचा धंदाच होता, आणि त्याचा हिशेब मला आत्ताच मांडायचा आहे. विशीच्या शेवटाशी उभं राहून विशीच्या सुरुवातीबद्दल लिहिलं तर तिला ‘तरुणपण’ म्हणता येत नाही, हे मला कळतं. पण ज्या मुलीबद्दल मी लिहिते आहे ती त्या घरातून निघाली तेव्हाच संपली. त्या अर्थाने मी बरीच म्हातारी आहे.

घर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या बॉथेल गावात होतं. भाड्याचं, तीन मजली, उभंच्या उभं. खाली गराज, मधे स्वयंपाकघर, वर निजायच्या खोल्या. मी पाच वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो आणि मला कळायला लागल्यापासून ते घर ‘सध्यापुरतं’ होतं. भिंतींना घरमालकाचा फिकट पिवळा रंग, आणि तो बदलायचा नाही. खिळा ठोकायचा नाही. बाबांना ग्रीन कार्ड मिळालं की मग आपलं घर, मग आपला रंग, मग कुत्रा. ग्रीन कार्डाची रांग माणसाच्या जन्मदेशावर लागते. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की तिला रांग म्हणणं हीच एक सरकारी थाप आहे. बाबा त्या रांगेत उभे राहिले तेव्हा मला दुधाचे दात होते. पुढे मला अक्कलदाढ आली, आणि रांग होती तिथेच होती.

आणि माझं काय? मी बाबांच्या एच वन बी व्हिसाला लटकलेलं मूल. एकविसावा वाढदिवस होईपर्यंत मी त्यांची मुलगी होते आणि त्यांच्याबरोबर राहू शकत होते. त्या दिवसानंतर कायद्याच्या लेखी मी एक परकी प्रौढ बाई, जिचा त्या घराशी संबंध नाही. तिने एक तर स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा, नाही तर निघावं. शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून ज्या झेंड्यापुढे उभं केलं, तोच झेंडा पुढे सांगतो की बाई, तुम्ही पाहुण्या होतात. हे मी तेव्हा पत्रकांत लिहायचे, आणि आताही शब्द बदलावासा वाटत नाही.

ही गोष्ट माझ्या विसाव्या वर्षाच्या हिवाळ्याची. वाढदिवस मे महिन्यात होता आणि घरात मे हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं.

त्या घराचा कायदा एकच होता. नजरेत यायचं नाही. सिग्नल लाल असताना रिकामा रस्तासुद्धा ओलांडायचा नाही. लायब्ररीचं पुस्तक मुदतीआधी परत. शेजाऱ्याने आपल्या जागेत गाडी लावली तर आपण आपली लांब लावायची. कुणी काही बोललं तर हसायचं. बाबांची नोकरी गेली असती तर दोनेक महिन्यांत दुसरी शोधायची किंवा सामान बांधायचं, म्हणून ऑफिसातही नजरेत यायचं नाही. तिथे त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान पोरं त्यांचे बॉस होऊन गेली. बाबा त्यांच्यासाठी केक कापायच्या वेळी टाळ्या वाजवून आले. आई एम.एस्सी. झालेली, अमरावतीच्या कॉलेजात शिकवलेली. अमेरिकेत तिला कामाची परवानगी मिळाली ती मी हायस्कुलात गेल्यावर, आणि तोवर तिचा शिकवण्याचा आवाज घरातल्या घरात फिरून आमच्यावर खर्च झाला होता. रविवारी सकाळी ती बुद्धवंदना घ्यायची. आम्ही तिघं सोफ्यासमोर गुडघ्यावर. पाच शीलं म्हणताना पाचव्याला तिचा आवाज किंचित चढायचा, कारण नागपूरच्या आमच्या वस्तीत दारूने काय केलं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. मग सावजी मटण. मसाला भाजायच्या आधी बाबा धुराच्या अलार्मवर शॉवर कॅप चढवायचे, कारण अलार्म वाजला तर शेजार बाहेर येतो.

अशा घरात बिअरचं किट आलं कसं, हे सांगते.

आपली माणसं कंटाळून भारतात परत जायला निघाली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांचं घर वाटलं जातं. कुणी कुकर नेतं, कुणी बर्फातले टायर, कुणी मुलांच्या सायकली. आम्ही त्याला दसऱ्याचं सोनं म्हणायचो, म्हणजे मी म्हणायचे आणि आई मला गप्प करायची. त्या नोव्हेंबरात कुलकर्णी काका गेले. पुण्याचे, बाबांच्याच ऑफिसातले, रांगेत बाबांच्या जरा मागे. त्यांना घरी बिअर करायचा नाद होता. निघताना त्यांनी गराजमधला एक खोका बाबांच्या हातात दिला. आत झाकणाचं मोठं पांढरं पिंप, त्याला खाली तोटी. तपकिरी बाटल्या, बुचं, बुचं दाबायचं यंत्र, आणि इंग्लिश बिटरचा, म्हणजे तिकडच्या कडवट बिअरच्या अर्काचा, एक न उघडलेला डबा.

आई वरून ओरडली नाही. ती जिना उतरून आली, डबा उचलून वाचला आणि खाली ठेवला.

“अहो, कायले आणलं हे?”

“फुकट भेटलं.”

“फुकट तर त्यांचा मांजराचा पिंजरापण होता. तो नाही आणला तुम्ही.”

“कुंदा, ही दारू नाही ना बाप्पा. बिटर आहे. चार टक्के. खोकल्याच्या औषधात याच्याहून जास्त असते.”

“मग खोकला होऊ द्या आधी.”

बाबा हसले, पण त्यांनी डबा सोडला नाही. मला नवल वाटलं. माझ्या आठवणीत या माणसाने स्वतःसाठी काही धरून ठेवलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. लग्नाच्या आधी कंपनीने त्यांना वर्षभर इंग्लंडला पाठवलं होतं, एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी जरा जास्त सांगितलं. गाव लहान होतं, कायम ओलं. बरोबरची चार मराठी पोरं एका घरात राहायची. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाबांना आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जेवणाची भांडी वेगळी झाली. तसं कुणी म्हणालं नाही, फक्त झाली. म्हणून बाबा संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये जाऊन बसायचे. तिथला म्हातारा फक्त एवढंच विचारायचा की काय देऊ. बाबा म्हणायचे बिटर, कारण आधीच्या माणसाने तेच मागितलेलं असायचं. एक ग्लास ते दोन तास पुरवायचे.

“चव कशी होती?” मी विचारलं.

“कडू. कोमट. पहिल्यांदा वाटलं, हे काय काढा देऊन राहिले.” मग म्हणाले, “पण बसू द्यायचे.”

आईने पिंप धुवायला गरम पाणी काढून दिलं आणि वर निघून गेली. पुढचे काही आठवडे ती त्या वस्तूचा उल्लेख ‘ते तुमचं’ असा करत असे.

आम्ही एका शनिवारी बिटर लावली. लावली हाच शब्द बाबांनी वापरला, दह्यासारखा. डबा गरम पाण्यात ठेवून सैल केला. आतून काकवीसारखं काळं, दाट, चिकट काहीतरी आलं आणि गराजभर करपलेला गूळ आणि ओला पाव यांचा एकत्र वास सुटला. त्यावर उकळतं पाणी, साखर, मग थंड पाणी, आणि सर्वांत शेवटी यीस्टची पुडी. झाकणाला एक प्लॅस्टिकची वाकडी नळी होती, तिच्यात पाणी भरायचं. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत जात नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली. बुडुक. थोड्या वेळाने पुन्हा बुडुक. मी जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत असताना जिन्यातून तो आवाज यायचा. बाबा ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी खाली उभं राहून ऐकायचे.

“बाबा, त्याला नाव तरी ठेवा,” मी म्हणायचे.

“तुझ्या वाढदिवसाला उघडू,” ते एकदा म्हणाले. “एकविसाव्याला तुला इथे कायद्याने पिता येते.”

त्यांनी तो दिवस आनंदाचा ठरवायचा प्रयत्न केला होता. अमेरिकन मुलं त्या दिवशी मित्रांना घेऊन बारमध्ये जातात, आणि दारावरच्या माणसाला ओळखपत्र दाखवून हसतात. माझ्या त्याच दिवशी माझं ओळखपत्र बाद होणार होतं. एकाच तारखेला एक देश मला बिअर प्यायला लायक ठरवत होता आणि आईबापांजवळ राहायला नालायक.

मी गप्प बसून ही तारीख येऊ देणार नव्हते. कॉलेजात आमचा एक गट होता, सगळे माझ्यासारखेच लटकलेले. जवळच्या बेलव्ह्यूचे दोन भाऊ, आणि व्हिडिओवरून दूरच्या पार्सिपनीची एक मुलगी, जी बैठकीत कायम चिप्स खायची आणि सर्वांत नेमकं बोलायची. आम्ही पत्रकं काढायचो. मजकूर माझा असायचा. वाक्य लहान ठेव, मागणी वर लिही, विनंतीचा सूर काढून टाक, हे मी तिथे शिकले आणि त्यामुळेच आजही माझं लिखाण अंगावर येतं असं लोक म्हणतात. येऊ दे. पत्रकाखाली आम्ही फक्त पहिली नावं छापत होतो, माझं मित्रा, कारण प्रत्येकाच्या घरात एकेक बाबा होते.

फेब्रुवारीत आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या कचेरीतला एक माणूस गावच्या लायब्ररीत लोकांचं ऐकून घ्यायला येणार होता. मी बोलायचं ठरवलं, पूर्ण नावाने. बाबांना सांगितलं तेव्हा ते भात वाढून घेत होते.

“नाही,” ते म्हणाले.

“बाबा, मी काही गुन्हा करत नाहीये.”

“तुझं नाव म्हणजे माझं नाव. माझी फाइल त्यांच्या टेबलावर आहे, मित्रा. कोणाच्या टेबलावर, ते मला माहीत नाही. म्हणूनच नाही.”

“मग मी काय करायचं मेमध्ये?”

शब्द निघून गेला. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. बाबांनी भाताकडे पाहत सांगितलं की स्टुडंट व्हिसाचं बघू, वकिलाशी बोलतो, काहीतरी निघेल. स्टुडंट व्हिसा म्हणजे शिक्षण संपलं की मी माझ्या देशात, माझ्या घरी परत जाईन, असं कबूल करायचं. नागपुरात माझं घर नाही. तिथे एक आत्या आहे जिला मी शिंक आल्यावर काय म्हणते याची गंमत वाटते. हे मी मोठ्या आवाजात बोलले आणि वर गेले, आणि खालून बुडुक ऐकू आलं, तेही आता बऱ्याच वेळाने.

कारण गराज थंड होतं. आमचा हिवाळा बर्फाचा नसतो, पण त्याची ओल सिमेंटमधून वर येते. यीस्टला ऊब लागते. ती मिळाली नाही तर ते मरत नाही, झोपतं. कुलकर्णी काकांकडे साखर किती उरली हे मोजायची काचेची नळी होती, ती फुटली होती, आणि त्यांनी बाबांना सांगून ठेवलं होतं की तिची गरज नाही, बुडबुडे थांबले की झालं समजा. बुडबुडे थांबले. बाबांनी समजलं. एका रविवारी आम्ही बिटर बाटल्यांत भरली, रिवाजाप्रमाणे प्रत्येकीत थोडी साखर टाकली, बुचं दाबली आणि बाटल्या गराजच्या भिंतीशी ओळीने उभ्या केल्या. पिंपातली निम्मी साखर अजून खायची बाकी होती आणि खाणारे आत झोपलेले होते, हे आम्हांला ठाऊक नव्हतं.

बाकीचं आईने केलं. तिने पुढे कबूल केलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. “डोशाचं पीठ असं थंडीत ठेवलं असतं तर सासूने मला सोडलं असतं का? आंबवायचं तर ऊब द्या. मला पाहवेना. मी हात फक्त बाटलीच्या बाहेरून लावला.” तिने त्या सगळ्या बाटल्या उचलून गरम पाण्याच्या टाकीशेजारी नेल्या आणि वरून जुनी गोधडी घातली. कुणाला सांगितलं नाही, कारण पाचवं शील पाळणाऱ्या बाईने बिअरला गोधडी पांघरली हे सांगणार कुणाला.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही मटणभात खात होतो. खालून गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. बाबांनी ताट सोडलं, माझं डोकं धरून मला ओट्याआड खाली दाबलं आणि आईला हाताने ओढलं. आम्ही तिघं फरशीवर, बाबांचा मटणाचा हात माझ्या केसांत. तिसरा आवाज झाला तेव्हा काच सांडल्याचं ऐकू आलं, आणि जिन्याच्या दाराखालून वास आला. करपलेला गूळ, ओला पाव.

“ते तुमचं,” आई म्हणाली.

आम्ही हसत सुटलो. फरशीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या घरातलं ते बहुधा सगळ्यात मोठं हसणं. दार वाजलं तेव्हा आम्ही अजून हसत होतो.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईने फोन केला होता. तिचा दोष नाही, त्या देशात तसा आवाज आला की फोनच करतात. दारात दोन पोलीस होते. पुढचा तरुण, गोरा, चेहरा बरा. गोळ्यांचे आवाज आल्याची तक्रार आहे, सगळे ठीक आहेत का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. साधा प्रश्न होता. “बिअरच्या बाटल्या फुटल्या” एवढं उत्तर होतं.

बाबा म्हणाले, “येस सर. एच वन बी, सर. व्हॅलिड.”

आणि ते वळले. दाराशेजारी चपलांचं कपाट होतं, त्याच्या वरच्या खणात निळी फाइल असायची. पासपोर्ट, मंजुरीची कागदपत्रं, सगळ्यांची सगळी. आग लागली तर आधी फाइल, मग आपण, हे मला लहानपणी पाठ करून घेतलं होतं. बाबांनी खण ओढला आणि हात आत घातला.

पोलिसाचा हात कमरेला गेला. आवाज बदलला. हात दिसतील असे ठेवा, तो म्हणाला. बाबांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यांना वाटलं की फाइल लवकर काढली म्हणजे हा माणूस शांत होईल. ते आणखी घाईने चाचपायला लागले. आई माझ्या मागे पुतळ्यासारखी उभी होती. मी ओरडले, इंग्रजीत, माझ्या पक्क्या बॉथेलच्या इंग्रजीत, की कागद आहेत, फक्त त्यांचे कागद आहेत.

माझ्या आवाजाने तो थांबला, माझ्या उच्चारांनी. बाबांच्या बोलण्याने थांबला नसता, हे मला तेव्हाच कळलं आणि त्या कळण्याची मला अजून चीड आहे.

मग सगळं सैल झालं. दुसऱ्या पोलिसाने गराज पाहिलं, गोधडी उचलली, आणि हसला. त्याच्या मेहुण्याच्या घरी असंच झालं होतं म्हणे. उरलेल्या बाटल्यांना हात लावताना डोळे झाका, त्याने सांगितलं. मग तरुण पोलिसाने माझ्याकडे पाहून वय विचारलं.

“वीस,” मी म्हणाले.

“ती पीत नाही सर,” बाबा घाईने म्हणाले. “कोणीच पीत नाही. आम्ही बौद्ध आहोत.”

पोलिसाने तपकिरी पाण्याने भरलेलं गराज पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला. बाबा हात लांब करून त्याच्यापुढे निळी फाइल धरून उभे होते. मला त्याची गरज नाही, सर, तो म्हणाला. बाबांनी फाइल मागे घेतली नाही. त्याने ती एकदा तरी उघडावी, एकदा तरी बघावं की सगळं बरोबर आहे, यासाठी त्यांचा हात तसाच राहिला. पोलीस निघून गाडीत बसले तरी तो पूर्ण खाली आला नव्हता.

त्यानंतर आईने माझा स्कीइंगचा गॉगल लावला, ओव्हनचे हातमोजे घातले आणि उरलेली एकेक बाटली उघडून मोरीत ओतली. मी केर काढला. बाबा जिन्यावर बसून होते. कुणीही चव घेऊन पाहिली नाही. लोक मला ही गोष्ट पार्टीत सांगायला लावतात, कारण फुटणाऱ्या बाटल्या गमतीच्या असतात. मी बाटल्यांपर्यंतच सांगते. फाइलचं पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुढच्या शनिवारी सकाळी मी लायब्ररीत जायला निघाले तेव्हा ते दारात गाडीची किल्ली घेऊन उभे होते. मला वाटलं अडवणार. “पाऊस आहे,” ते म्हणाले, “सोडतो.”

ते गाडीत बसून राहतील असं मी धरलं होतं. ते आत आले आणि सर्वांत मागच्या खुर्चीवर बसले. खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. कचेरीतला माणूस माझ्याहून फार मोठा नव्हता. तो सगळं लिहून घेत होता आणि प्रत्येकाचे आभार मानत होता. मी बोलले. लहान वाक्यं, मागणी वर, विनंतीचा सूर नाही. फक्त पहिलं नाव सांगितलं, कारण बाबा खोलीत होते. टाळ्या बऱ्या पडल्या. मी जागेवर येऊन पाहिलं तर मागची खुर्ची रिकामी होती आणि बाबा माइकच्या रांगेत उभे होते.

त्यांनी आधी नाव सांगितलं. पूर्ण. विलास गजभिये. मग फोनवर बँकेला सांगावं तसं एकेक अक्षर सोडवून सांगितलं, त्या माणसाचं लिहून होईपर्यंत थांबत. मग म्हणाले की मागच्या रविवारी माझ्या घरात बिअरच्या बाटल्या फुटल्या आणि पोलीस आले. त्यांनी विचारलं, तुम्ही ठीक आहात का. मी त्यांना माझा व्हिसा दाखवायला गेलो. त्यांनी मागितला नव्हता. माझ्या मुलीसमोर माझ्यावर गोळी चालली असती. मी सोळा वर्षं इथे कर भरतो. हे मला कोणी शिकवलं, एवढं मला विचारायचं आहे.

बोलल्याबद्दल धन्यवाद, तो माणूस म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. पुढचं नाव पुकारलं.

मी हवेत होते. पार्किंग लॉटमध्ये येईपर्यंत मी पुढचं पत्रक डोक्यात लिहून टाकलं होतं. बाबा आता आमच्यात आले, बाबांसारखे आणखी दहा आणू, मग शंभर. मी तसं बोललेही. ते ऐकत होते. मग त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, “ती कॅनडाची सीट घे.”

व्हँकूव्हरच्या कॉलेजात मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. मी तो कुणालाही न सांगता बाजूला ठेवला होता, कारण तो घेणं म्हणजे हरणं. ते पत्र आईने पाहून बाबांना सांगितलं असणार.

“आत्ता तर तुम्ही आत बोललात,” मी म्हणाले. “मग कशाला बोललात?”

“बोलायला पाहिजे होतं म्हणून बोललो. त्यानं मेपर्यंत काही होत नाही, बेटा. ते तुलाही माहीत आहे.”

“मी जाणार नाही. हे माझं घर आहे. त्यांनी हाकलावं मला, मी स्वतःहून जाणार नाही.”

“मित्रा, मी रांगेत आहो. इतकी वर्षं उभा राहून आता मला सोडता येत नाही. सोडलं तर तुझ्या आईची ही सगळी वर्षं गेली. मी इथून हलू शकत नाही.” त्यांनी चष्मा पुसला, तो लगेच परत भिजला. “तुला तर त्यांनीच काढून दिलं रांगेतून. माझ्यासारखी उभी कायले राहतं?”

आज मी जिथे राहते तिथून ते घर गाडीने तीन तासांवर आहे. कॅनडाच्या सरकारने मला कायमचं राहायचा कागद दिला, आणि तो मिळायला जितका वेळ लागला तेवढ्यात बाबांची रांग वीतभर सरकली असेल. ते सरहद्द ओलांडून येत नाहीत. बाहेर पडलं आणि परत आत घेतलं नाही तर, हे त्यांचं उत्तर असतं. मी जाते, पाहुणी म्हणून, पाहुण्याच्या व्हिसावर, माझ्याच खोलीत झोपायला. पत्रकं मी अजून काढते. पूर्ण नावाने. लढाई सोडून पळालीस, असं बेलव्ह्यूच्या धाकट्या भावाने मला एकदा सुनावलं, आणि मी त्याला चार पानी उत्तर पाठवलं. त्या चार पानांत एकही वाक्य असं नव्हतं ज्यावर माझा स्वतःचा पूर्ण विश्वास होता.

पण त्या सकाळी मी जात नव्हते. मी डांबरावर पाय रोवून उभी होते आणि ओरडत होते, की हे अन्याय्य आहे, की तुम्ही मला नाही, त्यांना सांगायला हवं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांचा माणूस काचेपलीकडे खुर्च्या घडी करत होता. लोक आमच्याकडे बघत आपापल्या गाड्यांत बसत होते. आम्ही भर पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या नजरेत होतो आणि बाबांनी मला आवाज हळू कर असं सांगितलं नाही. मी बसेना, आणि ते दार धरून पावसात उभे राहिले.